इसे जिंगूला पहिल्यांदा जाताना

जपानला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत क्योतोचं फुशिमी इनारी असतं, तोक्योचं मेइजी जिंगू असतं, मियाजिमाची पाण्यात उभी असलेली लाल कमान असते. इसे जिंगू हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान सहसा नसतं. ज्यांच्या यादीत असतं, त्यांतलेही काही जण हिरमुसून परततात. लाल कमानींची रांग नाही, सोन्याचा मुलामा नाही, मूर्ती नाही, आणि ज्यासाठी एवढी पायपीट केली त्या मुख्य देवळाचं कुंपणावरून फक्त छप्पर दिसतं. फोटो काढावा म्हटलं तर त्यालाही मनाई.

तेव्हा दर्शनाची अपेक्षा घरीच ठेवून निघा. इसेत बघण्यासारखी आहे ती देवाची सेवा: रोजचा दोन वेळचा नैवेद्य, त्यासाठी लागणारे तांदूळ, मीठ आणि पाणी, आणि दर २० वर्षांनी देवाला बांधून दिलं जाणारं नवंकोरं घर. ही सेवा कुठे, कशी नजरेस पडते ते आधी माहीत असलं की अख्खा दिवसही कमी पडतो.

मिए प्रांतातल्या इसे शहरात आणि आसपास पसरलेली लहानमोठी १२५ देवळं मिळून हे देवस्थान होतं. अधिकृत नाव नुसतं 'जिंगू'. त्यातली मुख्य देवळं दोन. नाइकू, म्हणजे आतलं देऊळ, सूर्यदेवता आमातेरासु ओमिकामीचं; जपानचं राजघराणं आपली वंशावळ हिच्यापर्यंत नेतं. गेकू, म्हणजे बाहेरचं देऊळ, तोयोउके ओमिकामीचं. अन्नधान्य, कपडालत्ता, निवारा हे तिचं खातं. परंपरेप्रमाणे नाइकू सुमारे २००० वर्षांपूर्वीचं आणि गेकू १५०० वर्षांपूर्वीचं. दोन्हींमध्ये चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, त्यामुळे एका आवारात दोन्ही उरकतील असा हिशेब करू नका.

गाडी, वेळ, मुक्काम

नागोयाहून किन्तेत्सु रेल्वेची लिमिटेड एक्स्प्रेस पकडली की साधारण दीड तासात इसेशी स्टेशन येतं. ओसाकाहून पावणेदोन तास, क्योतोहून दोन तासांच्या आसपास. तोक्योहून येणाऱ्यांनी शिंकान्सेनने नागोया गाठायचं आणि तिथे गाडी बदलायची. जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, किन्तेत्सुवर चालत नाही. पास वापरायचाच असेल तर नागोयाहून जेआरची 'काइसोकु मिए' नावाची जलद गाडी आहे. मात्र तिच्या मार्गाचा मधला तुकडा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून जातो आणि त्याचे थोडे पैसे पासधारकालाही भरावे लागतात. सुटे जवळ ठेवा.

प्रवेश दोन्हीकडे फुकट. दारं पहाटे ५ वाजता उघडतात. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते: जानेवारी ते एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये संध्याकाळी ६, मे ते ऑगस्ट ७, ऑक्टोबर ते डिसेंबर ५. या शेवटच्या तीन महिन्यांत दुपारी उशिरा पोहोचणाऱ्यांचं नाइकू हुकतं ते याच पाच वाजण्यामुळे.

नागोया किंवा ओसाकाहून सकाळी निघून रात्री परतता येतं, पण माझा सल्ला आदल्या रात्री इसेतच राहण्याचा. इसेशी स्टेशनजवळ साधी हॉटेलं आहेत, गेकू तिथून पायी पाच-सात मिनिटांवर. सकाळी सात वाजता त्या झाडीत तुम्ही, झाडलोट करणारे सेवक आणि व्यायामाला आलेले दोन-चार आजी-आजोबा एवढेच असता. दहा वाजले की सहलीच्या बसगाड्या येतात आणि मग नाइकूच्या पायऱ्यांवर रांग लागते. नववर्षाचे पहिले काही दिवस आणि मे महिन्याच्या सुरुवातीचा गोल्डन वीक हा सुट्ट्यांचा आठवडा नवख्याने टाळावाच.

निघण्याआधी

दोन्ही देवळांचे रस्ते बारीक खडीचे आहेत. पाय रुततो, चालताना खर्र खर्र आवाज येतो, आणि चाकाची बॅग तिथे ओढता येत नाही. बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअर दोन्ही ठिकाणी मिळते, पण मुख्य देवळासमोरच्या दगडी पायऱ्या लक्षात घेऊन वडीलधाऱ्यांना आधीच कल्पना द्या.

चपला-बूट काढायचे नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपला हात आपोआप बुटाच्या नाडीकडे जातो. नारळ, हार, उदबत्ती काही न्यायचं नाही. कपड्यांचा काटेकोर नियम सर्वसाधारण भाविकाला नाही, फक्त समुद्रावर निघाल्यासारखे जाऊ नका. देवस्थानला देणगी देऊन पहिल्या कुंपणाच्या आतून नमस्कार करण्याची सोय आहे, तिथे मात्र सूट-टाय किंवा त्या तोडीचा पोशाखच लागतो. जीन्स घातलेल्याला परत पाठवतात.

आणखी एक गोष्ट, जी प्रवासी पुस्तकांत क्वचित सापडते. जपानी माणूस घरात मृत्यू झाला की काही काळ शिंतो देवळात जात नाही. ५० दिवस पाळायची रीत आहे. सुतक काय असतं हे आपल्याला समजावून सांगायला नको. परदेशी पाहुण्याला कुणी विचारत नाही, ज्याचं त्याने ठरवावं.

आधी गेकू

नाव 'बाहेरचं' असलं तरी सुरुवात इथूनच करायची. देवस्थानचे स्वतःचे विधीही याच क्रमाने होतात, आधी गेकूत आणि मग नाइकूत. यामागची कथा अशी: आमातेरासुने सम्राट युर्याकुच्या स्वप्नात येऊन सांगितलं, की मला एकटीला जेवण गोड लागत नाही, माझ्या जेवणाची व्यवस्था बघायला तोयोउकेला बोलावून घ्या. त्याप्रमाणे तिला इसेत आणून बसवलं. म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणारीला आधी नमस्कार, मग घरच्या मालकिणीला. वेळ कमी म्हणून गेकू गाळून थेट नाइकू गाठणारे खूप आहेत. त्यांना अर्धी गोष्टच कळते.

एक छोटा पूल ओलांडून आत शिरायचं. गेकूत डाव्या बाजूने चालतात, नाइकूत उजव्या. हात धुण्याची जागा एकीकडे डावीकडे आणि दुसरीकडे उजवीकडे आहे, हे त्याचं सोपं कारण सांगितलं जातं. वाटेचा मधला पट्टा देवासाठी सोडायचा. तोरीई, म्हणजे दोन खांबांची लाकडी कमान, लागली की थांबून एकदा किंचित वाकायचं आणि मग पुढे जायचं. इथल्या कमानींना रंग नाही, आणि इतरत्र दिसतो तो गवताचा जाडजूड दोरही नाही. त्याऐवजी साकाकी या सदाहरित झाडाच्या डहाळ्या खांबांना बांधलेल्या असतात. त्या वेळोवेळी बदलतात, जवळून गेलात तर पानं तुकतुकीत ताजी दिसतील.

हात धुण्याची रीत एकदा शिकलात की जपानभर कामाला येते. उजव्या हातात लांब दांड्याचं ओगराळं घेऊन भरायचं, डाव्या हातावर थोडं पाणी ओतायचं. मग हात बदलून उजव्यावर. पुन्हा ओगराळं उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्यायचं आणि चूळ भरायची. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही; उष्ट्याचा नियम इथेही तितकाच कडक आहे. चूळ खाली, दगडांच्या बाजूला, आवाज न करता टाकायची. शेवटी डावा हात परत धुवायचा आणि ओगराळं उभं धरून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्यायचं, म्हणजे पुढच्याच्या हाती दांडा स्वच्छ जातो. हे सगळं एकदाच भरलेल्या पाण्यात बसवायचं असतं. पहिल्यांदा शेवटच्या दांड्यापर्यंत पाणी उरत नाही. उरलं नाही तर कुणी बघत नाही.

मुख्य देवळापाशी पोहोचल्यावर दिसतं ते दार, त्यावरचा पांढरा पडदा आणि मागे एकामागून एक कुंपणं. नमस्कार असा: दोनदा कमरेतून खोल वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, हात जोडून मनात जे म्हणायचं ते म्हणायचं, मग हात खाली घेऊन पुन्हा एकदा खोल वाकायचं. टाळीच्या वेळी उजवा तळवा डाव्यापेक्षा किंचित खाली ओढून वाजवतात, आवाज स्वच्छ येतो. वाजवायला घंटा नाही. साष्टांग घालायला जागाही नाही आणि मागे रांगही असते. प्रदक्षिणेचा मार्ग नाही. पूर्वी इथे सम्राटाखेरीज कुणालाही देवाला भेट अर्पण करायची मुभा नव्हती, त्यामुळे इतर देवळांत असते तशी दानपेटी इथल्या परंपरेत नाही. तरी लोक नाणी टाकतातच आणि त्यासाठी समोर जागा केलेली असते. तुम्ही टाकलं नाही तरी काही राहून गेल्यासारखं वाटू देऊ नका.

आणि मागायचं काय? जुन्या वळणाचे लोक सांगतात की मुख्य देवळासमोर फक्त आभार मानायचे, स्वतःपुरतं काही मागायचं असेल तर त्याच देवतेच्या दुसऱ्या, जास्त क्रियाशील रूपाच्या देवळात जायचं. गेकूत ते 'ताका-नो-मिया', ९८ दगडी पायऱ्या चढून. पायऱ्या सोप्या आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत तिथली गर्दी खालच्यापेक्षा जास्त वाटते.

आता नैवेद्याबद्दल. गेकूच्या मागच्या अंगाला कुंपणात एक वेगळी इमारत आहे, मिकेदेन. तिथे आमातेरासु, तोयोउके आणि इतर देवतांना रोज दोनदा जेवण वाढलं जातं. एप्रिल ते सप्टेंबर सकाळी ८ आणि दुपारी ४, ऑक्टोबर ते मार्च सकाळी ९ आणि दुपारी ३. वादळ असो, युद्ध असो, ही सेवा सुमारे १५०० वर्षं चालू असल्याचं देवस्थान सांगतं. विस्तव काडेपेटीचा चालत नाही, लाकडावर लाकूड घुसळून पाडतात. पाणी ठरावीक विहिरीचं. तांदूळ देवस्थानच्या स्वतःच्या शेतातला, मीठ जवळच्या फुतामीच्या किनाऱ्यावर देवस्थानच्याच मिठागरातलं. ताटात भात, मासे, समुद्री शेवाळ, भाज्या, फळं, मीठ, पाणी आणि तांदळाची दारू. भाविकाला हे ताट दिसत नाही. पण त्या वेळेला गेकूत असलात तर पांढऱ्या वस्त्रांतले पुजारी लाकडी पेटी घेऊन खडीवरून एका ओळीत जाताना दुरून दिसण्याची शक्यता असते. म्हणून सकाळी गेकूला पोहोचायची वेळ या हिशेबाने धरा. ओळीच्या आडवं जायचं नाही आणि मोबाइल घेऊन मागे धावायचं नाही, एवढं पाळलं की पुरे.

बाहेर पडताना तळ्याच्या काठी सेंगूकान नावाचं संग्रहालय आहे, थोडंसं तिकीट आहे. ते अजिबात चुकवू नका. आत गेकूच्या मुख्य देवळाचा एक कोपरा खऱ्या आकारात, खऱ्या मापाने बांधून ठेवला आहे. बाहेर कुंपणाआड जे दिसत नाही ते इथे हाताच्या अंतरावर दिसतं: जमिनीत थेट रोवलेले हिनोकीचे खांब, रंगरोगणाशिवायचं लाकूड, गवताच्या छपराची कापून सरळ केलेली जाड कड. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस. ताजा तासलेला असताना त्याचा रंग जवळपास दुधावरच्या सायीसारखा असतो आणि वर्षागणिक तो करडा होत जातो. संग्रहालयाला काही मंगळवारी सुट्टी असते, तेवढं बघून जा.

२० वर्षांचं घर

नाइकूला जाण्याआधी हे समजून घेतलं तर तिथे डोळे नीट काम करतात.

दोन्ही मुख्य देवळांच्या शेजारी तेवढाच मोठा रिकामा चौक आहे, पांढऱ्या-करड्या गोट्यांनी भरलेला, मध्ये खोपटासारखं छोटंसं लाकडी छप्पर. नवखा माणूस तो बांधकामासाठी सोडलेला प्लॉट समजून पुढे जातो. एका अर्थी तो तसाच आहे. दर २० वर्षांनी त्या चौकात अगदी तसंच देऊळ नव्याने उभारतात, रात्रीच्या काळोखात देवतेला नव्या घरी नेतात आणि जुनं देऊळ उतरवतात. मग जुन्याची जागा रिकामी राहते, पुढच्या खेपेसाठी. या सोहळ्याचं नाव शिकिनेन सेंगू. पहिला नाइकूत ६९० साली, सम्राज्ञी जितोच्या काळात झाला. पंधराव्या-सोळाव्या शतकात यादवी युद्धांमुळे १२० वर्षांहून जास्त खंड पडला, पण नंतर तो पुन्हा सुरू झाला. ६२वा २०१३ साली झाला. पुढचा २०३३ मध्ये आहे आणि त्याचे विधी मे २०२५ पासून सुरूही झाले आहेत.

फक्त इमारत बदलत नाही. देवतेची वस्त्रं, तलवारी, धनुष्यं, आरसे, विणकामाची साधनं असे ७१४ प्रकारचे १५७६ नग दर वेळी नव्याने, जुन्या पद्धतीने करून घेतात. लाकूड लागतं ते दहा हजारांच्या घरात झाडं तोडून. मुख्य पुरवठा किसोच्या डोंगरांतून येतो, पण १९२३ मध्ये देवस्थानने आपल्या जंगलात २०० वर्षांची योजना आखून हिनोकी लावायला घेतली आणि २०१३ च्या वेळी गरजेच्या सुमारे पाव भाग लाकूड त्या जंगलातून आलं. सुरुवातीला लावणाऱ्यांपैकी कुणी ते बघायला क्वचितच उरलं असेल.

२० वर्षंच का, याची अनेक उत्तरं दिली जातात: गवताचं छप्पर आणि जमिनीत पुरलेले खांब तेवढेच टिकतात, वाळवून ठेवलेला भात तेवढाच काळ टिकतो, सुताराचं कसब पुढच्या हाती जायला तेवढं अंतर बरं पडतं. मला शेवटचं उत्तर जास्त पटतं. विशीत हाताखाली काम केलेला सुतार चाळिशीत स्वतः बांधतो आणि साठीत शिकवतो.

जुन्या लाकडाचं काय होतं ते नाइकूच्या दारातच दिसतं.

मग नाइकू

गेकूसमोरच्या थांब्यावरून नाइकूची बस मिळते, १५-२० मिनिटं लागतात. उतरलात की समोर उजी पूल. लांबी १०१.८ मीटर, सगळा लाकडी, तोही दर २० वर्षांनी नवा; आत्ताचा २००९ चा. पुलाच्या दोन्ही टोकांना सात मीटरहून उंच कमानी आहेत. बाहेरच्या कमानीचे खांब हे गेकूच्या जुन्या मुख्य देवळाच्या आढ्याला आधार देणारे खांब, आतल्या कमानीचे नाइकूच्या. तासून पुन्हा उभे केलेले. इथे २० वर्षं काढल्यावर ते तोक्यो-क्योतोमधल्या जुन्या तोकाइदो वाटेवरच्या कुवाना आणि सेकी या गावांच्या वेशीवर कमानी म्हणून जातात, जिथून पूर्वीचे यात्रेकरू इसेच्या दिशेने हात जोडत. म्हणजे एकाच खोडाची तीन आयुष्यं. कमानीखाली थांबून खांबाला हात लावून बघायला कुणी अडवत नाही, फक्त वाट अडवू नका.

डिसेंबरमध्ये, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास, सूर्य या कमानीच्या मधोमध उगवतो. ते बघायला काळोखातच शेकडो लोक कॅमेरे लावून उभे असतात.

पुलानंतर उजवीकडे वळायचं. हात धुण्याची बांधीव जागा आहेच, पण तिच्यापुढे थोडं गेलात की उजव्या हाताला वाट उतरते ती थेट इसुझु नदीत. काठाला दगडी फरसबंदी आहे, १६९२ साली शोगुन (लष्करी राज्यकर्ता) त्सुनायोशीच्या आईने, केइशोइनने, करवून दिलेली. नळ-हौद सोडून इथेच हात धुवा. पाणी नितळ आहे, तळाचे गोटे मोजता येतात. पाय घालायचे नाहीत आणि नाणी टाकायची नाहीत. दुसरा मोह लोकांना का होतो कळत नाही.

पुढची वाट जुन्या, प्रचंड सीडर झाडांतून जाते. काही बुंध्यांना खालून माणसाच्या उंचीपर्यंत बांबूच्या कामट्या गुंडाळलेल्या दिसतील. लोकांनी 'शक्ती मिळते' म्हणून हात घासून घासून साल झिजवली, त्यावरचा हा उपाय. गेकूतल्या एका जागी तीन दगड दोराने वेढलेले आहेत, तिथेही लोक शेकोटीवर धरावेत तसे तळवे धरून उभे राहतात. तो मूळचा शुद्धीच्या विधीचा चौक. दुरूनच बघावा हे बरं.

मुख्य देऊळ दगडी पायऱ्यांच्या वर आहे. फोटो पायऱ्यांच्या खालूनच काढायचा, वर रक्षक उभा असतो आणि तो शांतपणे पण नक्की अडवतो. वर गेल्यावर तोच पांढरा पडदा. वारा आला की तो आत ओढला जातो किंवा उचलला जातो, आणि तेव्हा बाजूच्या आजीबाईंच्या तोंडून हमखास हलकासा उद्गार निघतो. देवीने स्वागत केलं असं मानतात. आत काय आहे? परंपरेप्रमाणे पवित्र आरसा. तो कुणी बघत नाही.

छपराकडे मात्र नीट बघा. दोन्ही टोकांना आढ्यावरून कात्रीसारखी वर गेलेली लाकडं म्हणजे चिगी, आणि आढ्यावर आडवे ठेवलेले गोल ओंडके म्हणजे कात्सुओगी. नाइकूत चिगीची टोकं आडवी कापलेली असतात आणि ओंडके १०. गेकूत टोकं उभी कापलेली आणि ओंडके ९. सोबत मुलं असतील तर मोजायला लावा, तेवढा वेळ ती कंटाळत नाहीत.

नमस्कार झाला की बहुतेक लोक माघारी वळतात. तुम्ही बाजूच्या वाटेने पुढे जा. डावी-उजवीकडे झाडीत मिशिने-नो-मिकुरा नावाचं भाताचं कोठार लागतं. मुख्य देवळाच्याच शैलीतलं, पण अगदी लहान आणि कुंपण नसलेलं. जमिनीपासून उचललेली लाकडी तळी, आडव्या फळ्यांच्या भिंती, वर गवताचं छप्पर. या शैलीचं मूळच धान्याच्या कोठारात आहे असं अभ्यासक सांगतात, आणि या एका इमारतीपुढे पाच मिनिटं काढली की ते पटतं. तिच्यापुढे आरामात्सुरी-नो-मिया, आमातेरासुचं क्रियाशील रूप. मागणं मागायचं ते इथे. परतताना पूल ओलांडून काझाहिनोमी-नो-मिया करा. वारा-पावसाची देवता, मूळची शेतकऱ्यांची. तेराव्या शतकात मंगोल आरमार वादळात बुडालं त्याचं श्रेय हिला मिळालं आणि तिचा मान वाढला.

महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला सकाळी लवकर पोहोचलात तर देवाचा घोडा पाठीवर झूल घालून मुख्य देवळासमोर नमस्काराला आणतात. कोंबडे मात्र रोजच मोकळे फिरतात. आमातेरासु गुहेत लपून बसली आणि जग अंधारलं, तेव्हा तिला बाहेर काढायला आधी कोंबडे आरवले होते, तेव्हापासून त्यांचा इथे मान.

भविष्याच्या चिठ्ठ्या, म्हणजे ओमिकुजी, इसेत मिळत नाहीत. ज्याला इसेला यायला मिळालं त्याचं नशीब चांगलंच, आणखी चिठ्ठी कशाला, असं त्यावर सांगतात. ताईत मिळतात. गोशुइनची, म्हणजे देवळांचे शिक्के गोळा करण्याची, वही असेल तर शिक्काही मिळतो, पण इतर देवळांसारखं झोकदार सुलेखन नसतं: तारीख आणि लाल ठसा, बस्स.

खाणं आणि बाजार

उजी पुलाबाहेर ओहाराइमाची ही सुमारे ८०० मीटरची जुन्या घरांची पेठ आहे आणि तिच्या मध्यावर ओकागे योकोचो हा १९९३ साली जुन्या धाटणीने वसवलेला चौक. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथे काय लोंढे येत असतील त्याची थोडी कल्पना येते. साधारण ६० वर्षांनी एकदा यात्रेची लाट उसळे; १७०५, १७७१ आणि १८३० या मोठ्या लाटा. नोकर मालकाला न सांगता, पोरं आईबापांना न सांगता निघत, आणि वाटेतली गावं त्यांना खाऊपिऊ घालत. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका, तसं १८३० च्या यात्रेकरूंच्या हातात ओगराळं असे. ज्यांना जमत नसे ते आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पैसे बांधून त्याला शेजाऱ्यांबरोबर पाठवत. त्या कुत्र्याची छोटी चित्रं आणि बाहुल्या आजही दुकानांत दिसतात.

शाकाहारी लोकांसाठी आकाफुकु निर्धास्त: मऊ तांदळाच्या मोचीवर लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण, वर बोटांनी काढलेल्या तीन वळ्या, त्या म्हणजे इसुझुच्या लाटा. दुकान १७०७ पासूनचं, मुख्य शाखा पहाटे ५ वाजता उघडते. चटईवर बसून गरम चहाबरोबर तिथेच खा. ऋतूप्रमाणे दोन-तीन दिवसच टिकतं, त्यामुळे डबा पुण्या-मुंबईला न्यायचा विचार सोडा. इसे उदोन मात्र फसवं. जाड, लुसलुशीत शेवया आणि थोडासा काळा रस, वर कांद्याची पात. दिसायला शाकाहारी, पण रसात सुक्या माशाचं पाणी असतं. मांस-मासे चालणाऱ्यांनी तेकोने-झुशी, सोया सॉसमध्ये मुरवलेल्या बोनितो माशाचा भात, जरूर खावा. पक्के शाकाहारी असाल तर सोबत दशम्या-चटणी ठेवा. देवळाच्या आवारात खायला बंदी आहे, शिदोरी बाहेर येऊन सोडा.

पेठेतून चालताना घरांच्या दारावर गवताचा दोर आणि त्यावर लाकडी पाटी दिसेल. जपानभर हा दोर नववर्षापुरता लावतात, इसेत वर्षभर. पाटीवर 'सोमिन शोराइच्या वंशजांचं घर' असं लिहिलेलं असतं. रात्रीच्या निवाऱ्यासाठी दारोदार फिरणाऱ्या देवाला श्रीमंत भावाने हाकललं आणि गरीब सोमिनने आसरा दिला. देवाने त्याच्या वंशाला रोगराईपासून अभय दिलं. मग रोगराईने दारावरून पुढे जावं म्हणून सगळेच त्याचे वंशज झाले.

वेळ उरला तर, आणि परतताना

जुनी रीत आधी फुतामीच्या समुद्रावर जाऊन शुद्ध होऊन मग गेकूला येण्याची. तिथे समुद्रात दोन खडक जाड दोराने बांधलेले आहेत, नवरा-बायको म्हणतात त्यांना. उन्हाळ्यात, साधारण मे ते जुलै, सूर्य त्यांच्यामधून उगवतो. एरवी सकाळी उठून धावायचं कारण नाही. इसेच्या पूर्वेला आसामा डोंगरावर कोंगोशोजी हे बौद्ध मंदिर आहे. इसे करून आसामा केलं नाही तर यात्रा अर्धी, असं जुनं गाणं सांगतं, पण वाहन नसेल तर ते दुसऱ्या खेपेला ठेवा.

२०२६ आणि २०२७ मध्ये जाणार असाल तर ओकिहिकीच्या तारखा आधी बघून घ्या. नव्या देवळासाठीचे ओंडके गावातली मंडळी दोर लावून, आरोळ्या देत रस्त्यांवरून आणि नदीतून ओढत नेतात. कुंपणाआड चालणारी ही सेवा तेव्हा भर रस्त्यात येते. मात्र त्या दिवसांत खोल्या मिळणं कठीण.

परतीची बस नाइकूच्या दारातून उजियामादा आणि इसेशी दोन्हीकडे जाते. उजियामादावर उतरा, १९३१ ची स्टेशनची इमारत बघण्यासारखी आहे आणि किन्तेत्सुची गाडी तिथेही थांबते. लिमिटेड एक्स्प्रेसमध्ये सगळ्या जागा आरक्षित असतात, त्यामुळे रविवारी संध्याकाळचं तिकीट सकाळी पोहोचल्यावरच काढून टाका.